दगडूअण्णा

पुण्यात निवृत्त माणसाला इतिहासाचा नाद लागला तर त्यात नवल नाही. अडचण आहे ती जागेची. शिवकालात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. एकेका गडाला दोन-दोन अभ्यासक आणि एकेका तिथीला तीन-तीन मतं. पेशवाईच्या तर घराघरात वाटण्या होऊन गेलेल्या. यादवांकडे जावं तर देवळं आधीच कुणीतरी मोजून ठेवलेली, सातवाहनांकडे जावं तर नाणेवाले दारातच उभे. आमच्या सोसायटीतले अण्णा या सगळ्यांना वळसा घालून थेट अश्मयुगात जाऊन बसले. "तिथे गर्दी नाही," ते सांगतात. "आणि कुणाच्या भावना दुखावत नाहीत. आदिमानवाचे वंशज म्हणजे आपण सगळेच. मोर्चा काढणार कोण, आणि कुणाविरुद्ध?"

त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे. पण सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं 'दगडूअण्णा' केलं आणि हळूहळू ते वॉचमनच्या वहीतही चढलं. अण्णांनी हरकत घेतली नाही. उलट तो त्यांना किताबच वाटला.

अण्णांची उभी हयात जकात नाक्यावर गेली. ताडपत्रीखाली कांदे आहेत की कांद्यांखाली आणखी काही, हे ते ट्रकच्या दबलेल्या पाट्यांवरून ओळखत. पुढे जकात रद्द झाली, नाके ओस पडले, अण्णा निवृत्त झाले. नजर तेवढी कामावर राहिली. मग कुठल्याशा पुस्तकात त्यांना बूशे द पर्थ भेटला. फ्रान्समधल्या अबेव्हिल गावातला हा गृहस्थ चक्क सीमाशुल्क खात्यातला अधिकारी! सोम नदीच्या काठच्या खाणींत, नामशेष झालेल्या हत्तींच्या हाडांबरोबर याला माणसानं घडवलेले फ्लिंटचे दगड सापडत होते. त्यानं ग्रंथ लिहिले, पॅरिसच्या विद्वानांनी त्याला वेड्यात काढलं. शेवटी १८५९ साली प्रेस्टविच आणि इव्हान्स हे दोघे अभ्यासक इंग्लंडहून आले, खाण पाहिली आणि म्हणाले, माणूस खरं बोलतोय.

"बघा," अण्णा म्हणतात, "जे जकातवाल्याला दिसतं ते प्राध्यापकाला दिसायला वेळ लागतो."

बूशे द पर्थला साध्यासुध्या दगडांतही माणसांचे आणि जनावरांचे कोरलेले चेहरे दिसत, हा गोष्टीचा उत्तरार्ध अण्णा सहसा सांगत नाहीत. पण तो त्यांच्या चालण्यात दिसतो. अण्णा चालतात ते मान खाली घालून. नवीन आलेल्या भाडेकरूला वाटतं, मानेचा पट्टा परवाच निघालेला दिसतो. समोरून सख्खा शेजारी आला तर ओळख पटत नाही. पण कुंडीच्या कडेला पडलेला दगड काल या अंगावर होता आणि आज त्या अंगावर आहे, हे त्यांना लांबून कळतं. मागच्या प्लॉटवर बांधकाम निघालं तेव्हा खडीचा ढीग पडला, आणि अण्णांनी मुक्काम तिकडे हलवला.

त्या ढिगावर बसूनच त्यांनी मला एओलिथची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या आयथम गावात हॅरिसन नावाचा वाणी होता. दुकान सांभाळून तो रानोमाळ हिंडायचा आणि कडा झिजलेले, फुटलेले दगड गोळा करायचा. ही माणसाची अगदी पहिली, ओबडधोबड हत्यारं, असं त्याचं म्हणणं. खुद्द प्रेस्टविचनं त्याची बाजू घेतली. युरोपभर वाद पेटला. मग १९०५ साली मार्सेलँ बूल या फ्रेंच शास्त्रज्ञानं एका सिमेंट कारखान्यातला प्रकार उजेडात आणला. खडू आणि पाणी घुसळणाऱ्या यंत्रात जे फ्लिंटचे गोटे सापडत ते एकमेकांवर आपटून बाहेर पडत, तेव्हा त्यांच्या कडा हुबेहूब त्या 'हत्यारां'सारख्याच टवकलेल्या असत. आदिमानवाचं काम यंत्र परस्पर उरकत होतं!

अण्णा पोट धरून हसले. "काय एकेक माणसं असतात! यंत्रानं फुटलेल्या दगडाला हत्यार म्हणायचं!" आणि हसता हसता क्रशरमधून आलेल्या त्या खडीतला एक तुकडा उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला. "हा मात्र वेगळा आहे हं. याची कड बघा."

अशा वेगळ्या दगडांची एक सणसणीत पिशवी भरली, तेव्हा अण्णा ती रिक्षात घालून एका पुरातत्त्वज्ञाकडे गेले. ते गृहस्थ सोशिक निघाले. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि निवडायला बसले. हा नांगराच्या फाळानं फुटला. हा जेसीबीखाली आला. हे सगळे नदीनं वाहत आणले. हा तर फरशीचा तुकडा. निवडता निवडता एक दगड हातात राहिला आणि ते गृहस्थ गप्प झाले. डोलेराइटची हातकुऱ्हाड. दोन्ही अंगांनी छिलके काढून तासलेली, खाली जाड, वर निमुळती. लाखो वर्षांपूर्वी कुणीतरी डोकं लावून घडवलेली.

"कुठे मिळाली?"

अण्णांचा चेहरा पडला. पिशवी एकच होती. नेवाशाला प्रवरेचा काठ, नाशिकला गंगापूरकडची गोदावरी, परत येताना मुळा-मुठा. सगळ्या नद्यांचा संगम त्या पिशवीत झालेला. त्या गृहस्थांनी शांतपणे समजावलं. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५४पासून नेवाशाला काम केलं ते थर वाचत वाचत. नदीच्या खालच्या दगडगोट्यांच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी, त्यावरच्या थरात चर्ट आणि जॅस्परची छोटी, छिलक्यांची हत्यारं, आणि कितीतरी नंतरची ताम्रपाषाणयुगातली वस्ती लाडमोडच्या टेकाडात. कोण आधी, कोण मागून, ते दगड सांगत नाही, त्याची जागा सांगते. जागा हरवली की उरतो तो नुसता देखणा दगड.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माल आहे, पावती नाही."

ज्या माणसानं जन्मभर बिनपावतीचा टेम्पो सोडला नाही, त्याच्याच पिशवीत असा माल निघाला. त्या दिवसापासून अण्णा नदीकाठचा दगड उचलत नाहीत. जागच्या जागी फोटो काढतात, वहीत स्थळ, थर, दिशा लिहितात आणि पत्र धाडतात. त्या सोशिक गृहस्थांचा टपालाचा भार अर्थातच वाढला.

सोसायटीच्या हद्दीत मात्र त्यांनी बक्षीस लावलं: हत्यार आणून दाखवा, पाच रुपये मिळवा. आठवड्याच्या आत पार्किंगमधल्या फरशा फुटू लागल्या. पोरं ग्रॅनाइटचे टवके आणत, शहाबादीचे तुकडे आणत. एकानं तर सोड्याच्या बाटलीचा जाड बूड फोडून त्यातून असं सुरेख पातं काढलं की अण्णा क्षणभर हरखले. बूशे द पर्थचंही हेच झालं होतं. १८६३ साली त्यानं मानवी हाडासाठी बक्षीस लावलं आणि मूलँ-किन्योँच्या खाणीत मजुरांना लगेच जबडा 'सापडला'. त्याच साली इकडे भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटला मद्रासजवळ पल्लावरमला हिंदुस्थानातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं, तेही कुठलंही बक्षीस न लावता. अण्णांनी ही गोष्ट सांगून पोरांना दम भरला. बाटलीवाल्याला तेवढे पाच रुपये दिले आणि वहीत नोंद केली: 'काच. अर्वाचीन. कारागिरी उत्तम.'

ती 'उत्तम'च त्यांना डाचत राहिली. दहा वर्षांच्या पोराला येतं ते आपल्याला यायलाच हवं! सांकलियांचं दगडी हत्यारांच्या तंत्रावरचं १९६४चं पुस्तक त्यांनी पाठ केलं होतं. आता फक्त हात चालवायचा होता.

पण दगड कुठला? आपलं दख्खन म्हणजे काळा फत्तर. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, जॅस्पर. जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांनी तीन हजार वर्षांपूर्वी याच मालातून नाजूक पाती काढली. अण्णांना मात्र अस्सल फ्लिंट हवा होता. सुरुवात उत्तम मालानं करावी, असं त्यांचं म्हणणं. केंटमध्ये राहणारा त्यांचा पुतण्या सुट्टीवर यायचा होता. त्याच्या मागच्या अंगणात खणताना असले गोटे निघतात, हे अण्णांनी फोनवरून काढून घेतलं. पुतण्या आला. अण्णांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, मोठ्या आशेनं बॅग उघडली. चॉकलेटं नव्हती, सुगंधी साबण नव्हते. टॉवेलात गुंडाळलेला सहा किलोचा एक दगड होता, वरून पांढरी खडूची साल आणि फुटल्या जागी आत काळाभोर, काचेसारखा.

"यासाठी इंग्लंडात ग्राइम्स ग्रेव्ह्जच्या खाणींत साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक चाळीस-चाळीस फूट खाली उतरत होते!" अण्णा म्हणाले. "हरणाच्या शिंगाच्या कुदळींनी खणत!"

वहिनींनी गोटा हातात तोलून पाहिला. "लोणच्याच्या बरणीवर ठेवायला बरा आहे," त्या म्हणाल्या. आणि पावसाळाभर तो तिथेच होता.

दसऱ्याला, शस्त्रपूजेचा मुहूर्त गाठून, अण्णा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले. डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा, मांडीवर जुनी गोधडी, उजव्या हातात नदीतला गुळगुळीत गोटा. जमलेल्या मंडळींना त्यांनी आधी शास्त्र सांगितलं, आणि ते अगदी बिनचूक सांगितलं. फ्लिंटला लाकडासारखे रेषे नसतात, म्हणून घावाचा जोर एकसारखा पसरतो आणि दगड शंकूच्या आकारात सुटतो. घाव घालायचा तो कडेलगत, आणि कडेचा कोन काटकोनापेक्षा कमी हवा. जास्त असला तर दगड नुसता दुखावतो, सुटत नाही. घावाआधी कड घासून घ्यायची, नाहीतर ती चुरडते. घाव बरोबर बसला की खालच्या अंगानं छिलका सुटतो. घावाशी त्याला फुगवटा येतो आणि तिथून लहरी उमटत जातात. आधीच्या छिलक्यानं मागे जी धार सोडलेली असते, तिच्या मागोमाग पुढचा छिलका धावतो. म्हणजे हा घाव घालताना पुढच्या तीन घावांचा विचार हवा.

"यालाच बुद्धी म्हणतात," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी घाव घातला.

पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसऱ्यानं कड चुरडली. तिसऱ्याला छिलका निघाला, पण अर्ध्या वाटेत पायरी करून थांबला. चौथा त्याच पायरीवर येऊन अडला, पाचवाही. नाक्यावर एखादं प्रकरण अडलं की अण्णा ते वरच्या साहेबांकडे पाठवून मोकळे होत. इथे वरचा साहेब नव्हता. सेवाज्येष्ठता नव्हती, वशिला नव्हता, 'पाहून सांगतो' म्हणायची सोय नव्हती. प्रत्येक चुकीच्या घावाची नोंद दगडावर जागच्या जागी होत होती, आणि ती खोडता येत नव्हती.

आणखी पातळ छिलके काढायला दगडापेक्षा मऊ हातोडा लागतो. जुने लोक हरणाचं शिंग वापरत. इथे १९७२चा वन्यजीव कायदा आड आला. म्हशीच्या शिंगाच्या शोधात अण्णा खंभातला पोचले. तिथल्या अकीक-कारागिरांच्या हातात ही विद्या अजून जिवंत आहे. जमिनीत लोखंडी खिळा तिरपा रोवलेला. दगडाची कड त्याच्या टोकाला टेकवायची आणि दुसऱ्या बाजूनं शिंगाच्या हातोडीनं टिचकी मारायची. घाव वरून पडतो, कपचा खिळ्यापासून उडतो. एका म्हाताऱ्या कारागिरानं चहा पिता पिता, अण्णांकडे बघत, मण्याचा घाट काढून दाखवला. मग अण्णांनी अभिमानानं पुढे केलेली गारगोटी उलटसुलट करून त्यानं एवढंच विचारलं, "भाजली नाही?"

भाजल्यावर दगड सुटायला सोपा जातो, अकीकाचा रंगही खुलतो. हे अण्णांनी वाचलं होतंच. घरी येताच त्यांनी वहिनींच्या लोखंडी कढईत वाळू घातली, वाळूत गारगोट्या पुरल्या आणि गॅस मोठा केला. हे काम अनेक तास मंद आचेवर करायचं असतं. दगडातल्या पाण्याची वाफ झाली, तिला वाट मिळेना. आम्ही धावत गेलो तेव्हा अण्णा फ्रिजच्या आडून हात उंचावून सांगत होते, "घाबरू नका, अपेक्षित परिणाम आहे!" त्या दिवसापासून स्वयंपाकघरात अश्मयुगाला बंदी झाली.

पण चिकाटी म्हणाल तर ती जकातवाल्याची. वर्षअखेरीस त्या सहा किलोंतून एक हातकुऱ्हाड उभी राहिली. अर्ध्या किलोची, थेंबाच्या आकाराची, एका अंगाला किंचित कललेली, पण हातकुऱ्हाडच. बाकीचे साडेपाच किलो गोणपाटात कपच्यांच्या रूपानं पडले. कुऱ्हाडीसाठी मखमली पेटी आली. स्वयंपाकघरातली सगळ्यात हाताशी असलेली फळी तिच्यासाठी रिकामी करण्यात आली. बंदीला तेवढा अपवाद.

मग जाहीर प्रात्यक्षिक. आदिमानवाचा अभ्यासक लुई लीकी लोकांसमोर दगडी हत्यारांनी जनावराचं कातडं सोलून दाखवत असे. अण्णा शाकाहारी, म्हणून फणस आणला. हत्तीचं कातडं आणि फणसाची साल यांत त्यांच्या मते फरक तपशिलाचा. खरं सांगायचं तर कुऱ्हाडीनं चोख काम केलं. साल फाटली, पाव फुटली. नंतर कुऱ्हाड हातातून सुटेना, कारण चीक. खोबरेल आणून अण्णांना सोडवेपर्यंत ते आनंदात सांगत होते की छोटी पाती लाकडात बसवायला जुने लोक राळेसारखं असंच चिकट काहीतरी वापरत, आणि त्या तंत्राचा आज अनायासे पुरावा मिळाला.

मोतीबिंदूच्या वेळी तर कमाल झाली. अमेरिकेत डॉन क्रॅबट्री नावाचा हत्यारं घडवणारा होऊन गेला. त्यानं स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी ज्वालामुखीच्या काचेची पाती स्वतः काढून दिली आणि सर्जननं ती वापरली. त्या पात्याची धार पोलादापेक्षा कितीतरी बारीक असते. अण्णांनी ही गोष्ट टेबलावर आडवं पडल्यावर डॉक्टरांना सांगितली आणि विचारलं, आपण असं काही...? डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "भिंग तरी नवं घालू ना?"

एवढं सगळं होईतो वहिनी काही बोलल्या नव्हत्या. परवा संध्याकाळी मी चहाला गेलो, तेव्हा त्या ओट्याशी आलं खरवडत होत्या. हातात सुरी नव्हती, चमचा नव्हता. गोणपाटातली एक कपची होती. अण्णांनीही त्याच वेळी ती पाहिली.

"अगं, तो कचरा आहे!"

"असेल," वहिनी म्हणाल्या. "झाडताना बोटाला लागला, तेव्हा कळलं धार आहे म्हणून. मग नीट निवडून घेतला. याच्या पाठीला ती खडूची साल आहे ना, तिथे बोट टेकवलं की कापत नाही. इकडून आलं निघतं, या टोकानं बटाट्याचे डोळे निघतात."

"पण हत्यार इकडे आहे!" अण्णांनी मखमली पेटी उघडली.

"मग त्यानं आलं सोलून दाखवा."

अण्णा कुऱ्हाडीकडे बघत राहिले. अर्ध्या किलोच्या त्या देखण्या वस्तूपुढे बोटभर आलं ठेवून बघायची हिंमत त्यांना झाली नाही.

वहिनींनी नकळत विद्वानांच्या भांडणातच उडी घेतली होती. गाभा हवा होता म्हणून कपच्या पडल्या, की कपच्या हव्या होत्या म्हणून गाभा उरला, यावर मोठमोठी माणसं भांडली आहेत. केनियात लोमेक्वीला ३३ लाख वर्षांपूर्वीचे दगड मिळाले, त्यांतही गाभ्यांबरोबर धारदार छिलके आहेत. सेमेनॉव्ह या रशियन संशोधकानं हत्यारांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच वाटेनं गेलेल्यांना साध्या, बिनतासलेल्या छिलक्यांवर मांस, कातडं, लाकूड कापल्याच्या खुणा दिसल्या. धान्य आणि गवत कापणाऱ्या पात्याला तर नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी झिलई चढते. काम बरंचसं छिलक्यांनी केलं. संग्रहालयात काचेमागे मान मात्र कुऱ्हाडीला, कारण ती दिसायला चांगली. अण्णांच्या जातीची माणसं तिच्यावर भाळतात. घडवताना जो घाम गाळला तो त्या आकारात साठला आहे, असं त्यांना वाटतं. वहिनींनी घडवलं काहीच नाही. त्यांना फक्त आलं सोलायचं होतं.

अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंग आणि वही घेऊन ते ओट्याशी हजर झाले. धारेवर झिलई चढू लागली होती! आता प्रयोग रीतसर व्हायला हवा. हा छिलका फक्त आल्याला. एकाच दिशेनं. किती वेळा खरवडलं ते मोजून ठेवायचं.

"आणि लसूण?" वहिनींनी विचारलं.

"लसणाला वेगळा छिलका. मिसळ चालणार नाही. पुरावा बिघडतो."

"बरं. मग ती पेटी खाली काढा. त्या फळीवर मला डाळींचे डबे ठेवायचे आहेत."

अण्णांनी पेटीकडे पाहिलं, छिलक्याकडे पाहिलं, आणि पेटी खाली काढली. मग वही उघडून ते मोठ्यानं म्हणत लिहू लागले. "स्थळ, ओटा. थर, किसणीच्या खाली. सोबत मिळालेल्या वस्तू, आलं, मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या..."

"आणि कुणाला मिळाला, तेही लिहा," आल्याचा तुकडा पुढे सरकवत वहिनी म्हणाल्या. "माझं नाव. पूर्ण लिहा. नुसतं 'सौ.' नको."